पावसाळ्यातली कॉइल आणि निवृत्तीला आलेले काका

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्या बाई ३४ वर्षांच्या आहेत. बडोद्याच्या मकरपुरा औद्योगिक वसाहतीतल्या (जीआयडीसी) ट्रान्सफॉर्मरच्या एका कारखान्यात त्या ट्रेनी म्हणून लागल्या आणि गेल्या महिन्यात वाइंडिंग, म्हणजे तारेच्या कॉइल गुंडाळणाऱ्या, विभागाच्या प्रमुख झाल्या. हाताखाली २६ माणसं. सगळ्यांत मोठे काका ५७ वर्षांचे, मराठी. बाईंना पहिली कॉइल त्यांनीच शिकवली आणि प्रमुखपद आपल्याला मिळेल असं त्यांना वाटत होतं. सगळ्यांत लहान मुलं विशीतली, आयटीआय नाहीतर डिप्लोमा करून आलेली. काका ऐकत नाहीत आणि मुलं टिकत नाहीत. कंपनीने कुठल्या पिढीशी कसं वागावं यावर एक दिवसाचं प्रशिक्षण दिलं, त्याचा काही उपयोग झाला नाही. आता काय करावं?

माझं सगळं आयुष्य बडोद्याच्या कारखान्यांतल्या पर्सोनेल खात्यात गेलं. हे खातं पुढे एचआर झालं, पण वाइंडिंगवाले शेवटपर्यंत आम्हाला ‘हजेरीवाले’च म्हणायचे. त्या नात्याने सांगतो.

आधी त्या प्रशिक्षणातली पाटी पुसून टाका. बेबी बूमर म्हणजे १९४६ ते १९६४ चे, मग जनरेशन एक्स, मिलेनियल, झेड, ही सगळी कोष्टकं अमेरिकेतली. दुसरं महायुद्ध संपलं, सैनिक घरी परतले, जन्मदर उसळला, त्यावरून पहिल्या गटाचं नाव पडलं. बडोद्याच्या मांडवीत नाहीतर रावपुऱ्यात जन्मलेल्या माणसाचा त्याच्याशी काय संबंध? खुद्द अमेरिकेतही या कोष्टकांवरचा विश्वास उडत चालला आहे. तिथल्या नॅशनल अकॅडमीज या विज्ञानसंस्थेच्या समितीने २०२० मध्ये अहवाल दिला की मनुष्यबळाचे निर्णय पिढीच्या नावावरून घ्यायला पुरेसा शास्त्रीय आधार नाही. ज्यांच्या तारखा सगळे वापरतात त्या प्यू रिसर्च सेंटर या सर्वेक्षण संस्थेनेही २०२३ मध्ये सांगितलं की यापुढे पिढ्यांची ही नावं आपण जपूनच वापरू.

मग फरक नसतोच का? असतो, आणि चांगला दणदणीत असतो. पण तो जन्मसालात शोधायला गेलात की हाती लागत नाही. आपल्याकडे मला तो नेमणूकपत्रात जास्त वेळा सापडला. प्रतापनगरच्या रेल्वे वसाहतीतलं एखादं घर घ्या. वडील रेल्वेतून जुनी पेन्शन घेऊन बाहेर पडलेले. मुलगाही रेल्वेतच, पण १ जानेवारी २००४ नंतर लागलेला, म्हणून नव्या पेन्शन योजनेत गेलेला. त्या घरात नोकरीवरच्या निष्ठेबद्दल दोन मतं निघाली तर ती पिढ्यांची म्हणायची की दोन पावत्यांची? तुमच्या खात्यातही तसंच आहे. काका कायम आहेत. त्यांची ग्रॅच्युइटी दर वर्षामागे १५ दिवसांच्या पगाराने वाढते आहे. ती मुलं मात्र कंत्राटदाराच्या कागदावर आहेत. कंत्राटदार बदलला की त्यांची मोजणी पुन्हा एकपासून. एकाला थांबण्याचे पैसे मिळतात, दुसऱ्याला मिळत नाहीत. मग आपण म्हणतो, आजकालच्या पोरांना धीर नाही.

काका का ऐकत नाहीत याचं उत्तर मला माझ्याच एका चुकीतून कळलं. ती सविस्तर सांगतो, कारण तुमचं कामही तेच आहे.

बऱ्याच वर्षांपूर्वी आमच्याकडे बडोद्याच्या वाडी भागात राहणारे एक वाइंडर होते. त्यांनाही सगळे काकाच म्हणत. एप्रिलअखेर ते निवृत्त झाले. शाल झाली, श्रीफळ झालं, भिंतीवरचं घड्याळ झालं, साहेबांचं भाषण झालं. जुलैत आमच्या कॉइल बिघडायला लागल्या. मापाने गुंडाळलेली कॉइल ओव्हनमध्ये सुकून बाहेर आली की उंचीला चार-पाच मिलिमीटर कमी भरायची. क्लॅम्प सैल बसायचा. ट्रान्सफॉर्मरमध्ये सैल कॉइल म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला नको. लाइनवर शॉर्ट सर्किट झालं की वेटोळ्यांवर असा जोर येतो की सैल असलेलं सगळं हलतं. आम्ही आधी कॉइलमधल्या इन्सुलेशनच्या कागदाच्या पुरवठादाराला धरलं, मग ओव्हनच्या थर्मामीटरला, मग रात्रपाळीला. सगळे निर्दोष.

शेवटी मी आणि प्रॉडक्शनचे साहेब काकांच्या घरी गेलो. काका हिंचक्यावर, म्हणजे झोपाळ्यावर, बसले होते. ऐकून हसले. म्हणाले, “पावसाळ्यात कागद पाणी पितो. प्रेसबोर्डचा पुठ्ठाही पितो. तेव्हा फुगलेला असताना माप घेता, ओव्हनमध्ये पाणी उडतं, माप खाली येतं. मी पहिल्या पावसापासून नवरात्रापर्यंत प्रेसबोर्डच्या दोन रिंगा जास्तीच्या टाकायचो.” साहेब म्हणाले, “पण ड्रॉइंगमध्ये तर तसं नाही.” काका उठले, आत गेले आणि एक कागद घेऊन आले. कित्येक वर्षांपूर्वीचा मेमो. ड्रॉइंगमध्ये नसलेला माल परस्पर वापरल्याबद्दल समज, पुन्हा असं घडल्यास कारवाई. त्यानंतर त्यांनी रिंगा टाकणं थांबवलं नव्हतं, सांगणं थांबवलं होतं.

मेमोवर सही माझी होती.

आता यात वयाचा संबंध किती? त्यांचा स्वभाव जुन्या वळणाचा होता, नवं शिकायची तयारी नव्हती, असं आम्ही एकमेकांना त्याआधी शंभरदा सांगितलं असेल. खरं तर त्या खात्यात सगळ्यांत बारकाईने विचार करणारा माणूस तोच होता आणि त्याला गप्प बसायला आम्ही शिकवलं होतं. म्हणून तुमचे काका ऐकत नाहीत असं वाटलं की पहिलं काम त्यांची फाइल काढून वाचायचं. आपल्या आधीच्या माणसांनी त्यांना काय काय लिहून दिलं आहे ते बघा.

दुसरं काम त्यांना काय गमावण्याची भीती आहे ते शोधायचं. ५७ व्या वर्षी ती भीती बहुधा साधी असते. ५८ नंतर ठेवतील का? कर्मचारी पेन्शन योजनेची पेन्शन ५८ ला सुरू होते, पण तिचा आकडा पाहिलेल्याला माहीत असतं की त्यात घर चालत नाही. अशा माणसाला तुम्ही म्हणता, “काका, तुमचं कसब या मुलांना द्या.” त्याला ऐकू येतं, “काका, तुमची जागा भरायला मदत करा.” उत्तर म्हणून तो मान डोलावतो आणि काहीही शिकवत नाही. त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं.

तेव्हा शिकवण्याचा विषय काढण्याआधी वर जाऊन भांडा. ५८ नंतर एक किंवा दोन वर्षांची मुदतवाढ, तीही ‘प्रशिक्षक वाइंडर’ म्हणून, पगाराच्या आकड्यासह, कागदावर आणा. तोंडी ‘बघू’ नको, तोंडी ‘बघू’ त्यांनी आयुष्यभर ऐकलं आहे. मुलगा स्वतःच्या हाताने चाचणीत पास होणारी कॉइल करू लागला की काकांना दर मुलामागे ठरलेली रक्कम मिळावी. रक्कम छोटी असली तरी चालेल, पगाराच्या पावतीवर तिची वेगळी ओळ मात्र दिसली पाहिजे. वरचे नाही म्हणाले तर? तर काकांना खोटं सांगू नका. “मी मागितलं, मिळालं नाही” हेही त्यांना इतक्या वर्षांत फारसं कुणी सांगितलं नसेल.

त्यांच्याशी पहिलं बोलणं एकट्यात, बसून, चहावर करा. ते झालेलं नसेल तर याच आठवड्यात करा. “मला मुलगी समजा” हे वाक्य चुकूनही नको. मुलीला ते रागावू शकतात, मुलीचं न ऐकण्याचा त्यांना हक्क आहे. सरळ म्हणा की ही जागा तुम्हाला मिळेल असं वाटत होतं हे मला माहीत आहे, निर्णय माझा नव्हता, पण आता जबाबदारी माझी आहे. मग कोणते निर्णय त्यांना विचारून होतील आणि कोणते फक्त कळवले जातील हे दोन्ही सांगा. कॉइलचा ताण, कारागिराची निवड, मुलांना कधी मशीनवर उभं करायचं, हे विचारून. पाळ्या, रजा, उत्पादनाचा क्रम, हे कळवून. रेष स्पष्ट असली की अपमान कमी होतो.

ते चारचौघांत “अगं, तुला मीच शिकवलं” म्हणतात आणि तुम्हाला ते लागतं, असं तुम्ही लिहिलं आहे. माझं मत विचाराल तर ‘अगं’वर लढू नका. आपल्या बडोद्याच्या शॉपफ्लोअरवर सगळा कारभार काका, भाई आणि बेनवर चालतो. गुजराती ‘तमे’ (तुम्ही) आणि मराठी ‘अगं’ एकाच वाक्यात येतात. मी एका तरुण मॅनेजरला ‘सर’ म्हणण्याचं परिपत्रक काढताना पाहिलं. महिन्याभरात त्याला सगळे ‘सर’ म्हणू लागले, पण असं काही लांबवून की त्याने स्वतःच तो कागद फळ्यावरून उतरवला. तुम्ही उलट करा. चारचौघांतच म्हणा, “हो, काकांनीच शिकवलं, म्हणून तर मला हे चालणार नाही.” आणि जिथे ते खरंच चुकत असतील तिथे तुमचं मत पुढे करू नका, मीटर पुढे करा. रेशो टेस्टला, म्हणजे वेटोळ्यांचं प्रमाण तपासणाऱ्या चाचणीला, अर्ध्या टक्क्याची सूट असते, त्याबाहेर आकडा गेला तर तो काकांचंही ऐकत नाही आणि तुमचंही. इतकी वर्षं हातावर काम केलेला माणूस हुद्द्याशी वाद घालतो, आकड्याशी सहसा घालत नाही.

आता मुलांकडे येऊ. ती नवव्या-दहाव्या महिन्यात जातात आणि फॉर्मवर ‘चांगली संधी’ लिहितात. त्या फॉर्मवर कधीच विश्वास ठेवू नका. मी सोडून गेलेल्या मुलांना दोन-तीन महिन्यांनी सेव-उसळ खायला बोलवायचो. तिखट तरी आणि पाव समोर आला की माणूस खरं बोलतो. पगाराचं गाऱ्हाणं अर्थातच असायचं. पण त्याच्याइतकंच ऐकू यायचं ते हे: “साहेब, का ते कुणी सांगितलंच नाही. विचारलं तर म्हणायचे, बघ आणि शिक.”

‘बघ आणि शिक’ ही पद्धत वाईट नव्हती. काका स्वतः तशीच शिकले. पहिली काही वर्षं हेल्पर म्हणून वायर धरायची, झाडू मारायचा, चहा आणायचा, उस्तादाचा हात बघायचा. पाच-सहा वर्षं मिळाली की डोळ्यांनी सगळं झिरपतं. या मुलांच्या हातात बारा महिने आहेत. शिकवणाऱ्याचं घड्याळ एक आणि शिकणाऱ्याचं दुसरं, त्यात दोघंही एकमेकांना आळशी समजतात.

यावर मला सगळ्यांत उपयोगी पडलेली युक्ती फार जुनी आहे, तीही अमेरिकेचीच, पण तिला जन्मसाल लागत नाही. १९४० ते १९४५ च्या दरम्यान तिथले अनुभवी कामगार युद्धावर गेले आणि कारखान्यांत अगदी नवी माणसं, त्यांत बायकाही मोठ्या संख्येने, आली. तेव्हा टीडब्ल्यूआय (ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री, म्हणजे कारखान्यातच शिकवणं) नावाचा सरकारी कार्यक्रम निघाला. युद्धानंतर तो जपानला पोचला आणि टोयोटाने तो आपलासा केला. त्यातली मेख एका कार्डात आहे. आज वापरतात त्या कार्डावर तीन रकाने: कामाची पायरी, त्या पायरीतली खुबी आणि त्या खुबीचं कारण. शिकवताना आधी मुलाची तयारी, मग करून दाखवणं, मग त्याच्याकडून करवून घेताना त्याच्याच तोंडून कारण वदवणं, मग अधूनमधून लक्ष ठेवणं. खुबी काकांकडे असते. कारणाचा रकाना मात्र बहुतेक वेळा रिकामा असतो, कारण त्यांनाही ते कुणी विचारलेलं नसतं.

हे कार्ड काकांना लिहायला बसवू नका, ते लिहिणार नाहीत. एका मुलाला फोन घेऊन उभा करा. काका कॉइल करतील, मुलगा फक्त हातांचा व्हिडिओ काढेल. संध्याकाळी दोघांनी तो बसून बघायचा, मुलाने थांबवून विचारायचं: इथे अंगठा का दाबला? आमच्याकडे पहिल्यांदा हे केलं तेव्हा दुसरे एक काका व्हिडिओ बघून म्हणाले, “असं मी करतच नाही.” पुन्हा लावला. पुन्हा बघितलं. मग स्वतःच्याच अंगठ्याकडे बराच वेळ बघत बसले. थर संपताना वेटोळं घसरू नये म्हणून ते टोकाला कागद दुमडत होते आणि त्यांना ते माहीतही नव्हतं. कार्ड गुजरातीत झालं, वर काकांचं नाव आणि खाली मुलाचं. मराठी आणि हिंदी प्रतही काढली, कारण खात्यात उत्तर प्रदेश-बिहारची मुलंही होती. हे नाव घालणं विसरू नका. त्याच मुलाने पुढे काकांना टेस्ट रिपोर्ट कॉम्प्युटरवर भरायला शिकवलं, आणि मी या उलट्या शिकवणीला कुठलंही इंग्रजी नाव दिलं नाही. नाव दिलं असतं तर काका आलेच नसते.

ही कल्पना आपल्या गावाला नवी नाही, एवढं मात्र म्हणतो. सयाजीराव १८७५ मध्ये गादीवर आले तेव्हा १२ वर्षांचे होते. राज्य चालवत होते दिवाण टी. माधवराव, वयाने ३५ वर्षांनी मोठे, तंजावरकडच्या मराठी घराण्यातले आणि त्रावणकोर-इंदूर करून आलेले. १८८१ मध्ये महाराजांना पूर्ण अधिकार मिळाले, त्या सुमाराला दिवाणांनी राज्य कसं चालवावं यावर व्याख्यानं दिली आणि ती लिहून ठेवली गेली. पुढच्याच वर्षी दिवाण बडोदा सोडून गेले आणि महाराजांनी स्वतःला हवा तसा कारभार केला. दोघांचं सगळं पटत होतं असं नाही. पण हिंचक्यावर जाऊन विचारण्याची वेळ महाराजांवर आली नाही.

पाळ्यांचं एक सांगतो, कारण दर आश्विनात यावरून भांडणं होतात. नवरात्रात मुलं मध्यरात्रीपर्यंत गरब्यात असतात आणि सकाळी ७ च्या पाळीला डोळे चोळत येतात किंवा येतच नाहीत. वाइंडिंग मशीनवर झोपाळू माणूस नकोच. काका म्हणतात, शिस्त नाही. मी आमच्या काकांना विचारलं होतं, तुमच्या वेळी शेरी गरबा (गल्लीतला गरबा) किती वाजेपर्यंत चालायचा? उत्तर मिळालं नाही, हसू मिळालं. आम्ही त्या नऊ दिवसांत पहिल्या पाळीत पन्नाशीच्या पुढचे आणि ज्यांना गरब्यात रस नाही असे लोक ठेवले, मुलांना दुपारपाळी दिली. बदल्यात गणपतीच्या दहा दिवसांत मुलांनी मागचे-पुढचे तास सांभाळले, कारण आपल्या मराठी घरांत तेव्हा आरतीला उशीर चालत नाही. वेळापत्रक महिनाभर आधी फळ्यावर लावलं आणि ते त्यांनीच बसून ठरवलं. मी फक्त सही केली. या वेळी वाचून.

आणखी दोन गोष्टी, थोडक्यात. तुमच्या पत्रात चाळिशीतल्या माणसांबद्दल एक ओळही नाही. २६ मध्ये निदान आठ-दहा तरी असतील. गृहकर्ज, मुलांच्या क्लासची फी, आजारी आई-वडील, सगळं त्यांच्यावर. काकांचा सत्कार होतो, मुलांचं कौतुक होतं, यांच्याकडे ‘चाललंय ना?’ एवढंच. ही माणसं तक्रार करत नाहीत, एक दिवस सावली गावच्या नाहीतर हालोलच्या कारखान्यात दिसतात. पुढचा प्रमुख यांच्यातूनच यायचा आहे, तेव्हा तुमची सुट्टी असेल तेव्हा खातं कोण सांभाळणार ते आत्ताच, नावानिशी, ठरवा.

दुसरं, उजेड. जर्मनीत डिंगॉल्फिंगला बीएमडब्ल्यूने २००७ मध्ये एका लाइनवर मुद्दाम वयस्क माणसं घेतली, सरासरी वय ४७. मग कामगारांनाच विचारून ७० बारीक बदल केले: लाकडी जमीन, बसायला खुर्च्या, भिंगं, पडद्यावर मोठी अक्षरं. सामानाचा खर्च २०,००० युरोच्या आसपास आला आणि वर्षात उत्पादकता ७ टक्क्यांनी वाढली. तुमचं ड्रॉइंग ए-फोर कागदावर मुंगीच्या अक्षरांत छापलेलं असेल तर चाळिशीपुढच्या प्रत्येकाला ते हात लांब करून वाचावं लागतं आणि तो ते कबूल करत नाही. ए-थ्री काढा, मशीनवर एक दिवा जास्त लावा. मुलांच्याही चुका कमी होतील.

आजच्या आज एक करा. काकांना ५८ पूर्ण व्हायला किती महिने आहेत ते मोजा, आणि मध्ये एखादा पावसाळा येतो की नाही तेही बघा.